त्रेचाळीस वर्षांचा फरारी : बर्नार्दो प्रोव्हेन्झानो आणि शांततेचा धंदा

 

आज एका इटालियन माणसाची गोष्ट सांगणार आहे. पोलीस १९६३ पासून त्याला शोधत होते. तो सापडला २००६ साली. त्रेचाळीस वर्षं! आपल्याकडे एवढ्या काळात एखादा अधिकारी भरती होतो, निवृत्त होतो आणि नातवंडांना शाळेत सोडायला लागतो. आणि सापडला कुठे? जन्मगावापासून सुमारे दोन किलोमीटरवर, एका मेंढपाळाच्या झोपडीवजा घरात. गाव कोर्लेओने, बेट सिसिली, माणसाचं नाव बर्नार्दो प्रोव्हेन्झानो.

तुम्ही विचाराल, फौजी माणसाला माफियाचं काय पडलंय? सांगतो. इटली आपल्याला तशी परकी नाही. दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव यांनी इटलीच्या भूमीवरच व्हिक्टोरिया क्रॉस मिळवले. घाडगे तर तिथेच धारातीर्थी पडले. पण माझं खरं कारण वेगळं आहे. माझ्या नोकरीचा बराच काळ बंडखोरीग्रस्त भागात गेला. तिथे एक प्रश्न रोज समोर यायचा : ज्याला अख्खं सरकार शोधतंय, तो माणूस गावात राहतो कसा? या प्रश्नाचं उत्तर प्रोव्हेन्झानोच्या आयुष्यात जितकं स्वच्छ दिसतं, तितकं फार थोड्या ठिकाणी दिसतं.

आधी सिनेमा बाजूला ठेवू. ‘गॉडफादर’मुळे कोर्लेओने हे नाव जगभर गेलं. गंमत म्हणजे त्या चित्रपटातलं कोर्लेओने हे कोर्लेओने नाहीच. ते प्रसंग साव्होका आणि फोर्झा द’आग्रो या दुसऱ्या गावांत चित्रित झाले. खऱ्या कोर्लेओनेत रुबाबदार सूट घालून न्यायनिवाडा करणारा कुणी डॉन नव्हता. तिथे होती डोंगराळ जमीन, मोठे जमीनदार, त्यांच्या वतीने कुळांना दाबणारे मुकादम आणि दाबली जाणारी शेतकरी जनता. माफिया वाढला तो या मुकादमांच्या साखळीतून.

हेही लक्षात ठेवा, की हे गाव लढवय्यांचंही आहे. शेतकऱ्यांना संघटित करणारा महापौर बर्नार्दिनो व्हेर्रो याला १९१५ मध्ये गोळ्या घातल्या. पडीक जमीन भूमिहीनांना मिळावी म्हणून झगडणारा कामगार नेता प्लाचिदो रिझ्झोत्तो मार्च १९४८ मध्ये नाहीसा केला गेला. त्याचा तपास तिथे नेमलेल्या काराबिनिएरी दलाच्या एका तरुण कॅप्टनने केला. नाव कार्लो आल्बेर्तो दाल्ला किएझा. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

प्रोव्हेन्झानोचा जन्म ३१ जानेवारी १९३३ चा. शेतमजुराचं घर, सात भावंडं. शाळा प्राथमिक वर्गातच सुटली. तरुणपणी तो लुचानो लेज्जो नावाच्या गुंडाच्या टोळीत शिरला. गुरं चोरणं, चोरून कापणं, विकणं हा त्यांचा सुरुवातीचा धंदा. टोळीत आणखी एक गावकरी होता, साल्वातोरे उर्फ तोतो रीना. त्या वेळी गावच्या माफियाचा प्रमुख होता मिकेले नावार्रा, आणि तो पेशाने डॉक्टर! ऑगस्ट १९५८ मध्ये लेज्जोच्या टोळीने नावार्राची गाडी अडवून त्याला ठार केलं. गाडीत एक तरुण डॉक्टरही होता. त्याचा या भांडणाशी काही संबंध नव्हता. तोही गेला. माफिया फक्त आपसात मारामारी करतो, निरपराधांना हात लावत नाही, ही दंतकथा कुणी सांगितली तर हा डॉक्टर आठवा.

पुढे नावार्राच्या माणसांना एकेक करून टिपलं गेलं. १९६३ मध्ये त्यातल्याच एका खुनासाठी प्रोव्हेन्झानोच्या नावाने वॉरंट निघालं आणि तो भूमिगत झाला. तेव्हा तो तीस वर्षांचा होता.

भूमिगत म्हणजे निष्क्रिय नव्हे. १० डिसेंबर १९६९ रोजी पालेर्मो शहरात व्हियाले लात्सिओ या रस्त्यावरच्या एका बांधकाम कचेरीत मारेकरी पोलिसांच्या गणवेशात शिरले आणि मिकेले काव्हाताइओ या प्रतिस्पर्धी म्होरक्याला त्यांनी संपवलं. त्यांत प्रोव्हेन्झानो होता. ‘ट्रॅक्टर’ हे त्याचं टोपणनाव होतं. वाटेत येईल ते भुईसपाट करणारा. उतारवयात त्याला दुसरं नाव मिळालं, ‘हिशेबनीस’. ट्रॅक्टरचा हिशेबनीस कसा झाला, तेच मला आज सांगायचं आहे.

लेज्जो १९७४ मध्ये मिलानला पकडला गेला आणि सूत्रं रीनाकडे आली. रीनाचा स्वभाव सरळ होता : विरोध दिसला की मारा. १९८१ च्या एप्रिल-मे महिन्यांत पालेर्मोचे दोन बडे म्होरके, स्तेफानो बोन्ताते आणि साल्वातोरे इन्झेरिल्लो, मारले गेले आणि टोळीयुद्ध भडकलं. ३० एप्रिल १९८२ रोजी कम्युनिस्ट नेते पिओ ला तोर्रे यांचा खून झाला. माफियाच्या मालमत्ता जप्त करा, असा कायदा त्यांनी मांडला होता. पालेर्मोचे प्रीफेक्ट म्हणून सरकारने कुणाला पाठवलं? त्याच दाल्ला किएझांना, आता जनरल झालेल्या. ३ सप्टेंबर १९८२ रोजी त्यांना, त्यांच्या पत्नीला आणि रक्षकाला भर रस्त्यात मारलं. त्यानंतर दहा दिवसांत ला तोर्रेंचा कायदा मंजूर झाला. माफिया संघटनेचा सदस्य असणं हाच गुन्हा ठरला आणि मालमत्ता जप्तीचा मार्ग खुला झाला. एवढी माणसं जिवानिशी गेली, तेव्हा कागद हलला. असो.

या कायद्याच्या आणि तोम्माझो बुशेत्ता या फुटलेल्या माफियाच्या साक्षीच्या जोरावर जोव्हान्नी फाल्कोने, पाओलो बोर्सेल्लीनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाखटला उभा केला. फेब्रुवारी १९८६ ते डिसेंबर १९८७, चारशेहून जास्त आरोपी, १९ जणांना जन्मठेप. जानेवारी १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. रीनाने सूड घेतला. २३ मे १९९२ रोजी कापाची इथे महामार्गच उडवला. फाल्कोने, त्यांची पत्नी आणि तीन रक्षक गेले. १९ जुलैला पालेर्मोत गाडीबॉम्ब. बोर्सेल्लीनो आणि पाच रक्षक गेले.

आता फौजेचा भाग. त्याच महिन्यात इटलीने सिसिलीत लष्कर उतरवलं. या मोहिमेचं नाव होतं ‘व्हेस्प्री सिचिलियानी’ आणि ती १९९८ पर्यंत चालली. जवानांनी न्यायालयं, न्यायाधीशांची घरं, महत्त्वाची ठिकाणं सांभाळली. फायदा काय? पहाऱ्यात अडकलेले पोलीस मोकळे झाले आणि तपासाला लागले. लष्कराने तपास केला नाही, आणि ते योग्यच होतं. गुन्हेगारीशी लढताना लष्कराचं काम एवढंच : ज्याचं काम आहे त्याला ते निर्धास्त करता यावं, अशी जागा तयार करून देणं. जानेवारी १९९३ मध्ये रीना पकडला गेला. तोही चोवीस वर्षं फरारी होता, आणि राहत होता पालेर्मो शहरातच. त्याच वर्षी फ्लोरेन्स आणि मिलानमध्ये बॉम्ब फुटले, प्रत्येक ठिकाणी पाच माणसं मेली. माफियाने सगळं काही करून पाहिलं. हाती आलं काय? लोकांचा संताप, कडक तुरुंग आणि रोज फुटून साक्ष द्यायला तयार होणारी माणसं.

इथे प्रोव्हेन्झानो पुढे आला. फाल्कोने, बोर्सेल्लीनो यांच्या खुनांसाठी त्यालाही त्याच्या गैरहजेरीत जन्मठेप झाली होती. म्हणजे हात त्याचेही रक्ताचेच. पण आता त्याने धोरण बदललं. बॉम्ब बंद. पोलिसांना, न्यायाधीशांना हात लावायचा नाही. पेपरात नाव येता कामा नये. इटालियन लोक याला ‘पाण्याखाली जाणं’ म्हणतात. खंडणी? ती चालूच, पण एकाच दुकानदाराची मान पिळण्यापेक्षा सगळ्यांकडून थोडी थोडी, म्हणजे कुणी तक्रार करणार नाही. सरकारी कंत्राटं, रुग्णालयं, बांधकाम यांत शांतपणे वाटा. भांडण झालं तर निवाडा.

मित्रहो, इथे जरा थांबा. मी कंपनी कमांडर असताना आमच्या भागात एकदा सलग काही महिने एकही गोळी झाडली गेली नाही. वरून कौतुक आलं. आमचे सुभेदार साहेब मात्र बाजारातून फिरून आले आणि म्हणाले, “साब, गोळी का चालत नाही ते कळलं. ठेकेदार वेळेवर पैसे देतायत.” घटनांचा आकडा खाली येण्याची दोन कारणं असू शकतात. एक, शत्रू हरला. दुसरं, शत्रूला हवं ते गोळी न झाडता मिळतंय. तक्त्यावर दोन्ही सारखीच दिसतात. प्रोव्हेन्झानोच्या काळातली सिसिलीची शांतता ही दुसऱ्या प्रकारची होती. जिथे धमकी देण्याचीही गरज उरत नाही, तिथे धमकी सर्वांत खोल रुजलेली असते.

आता त्याची संपर्कव्यवस्था. सिग्नल्सवाल्यांनी नीट ऐका. मोबाइलच्या जमान्यात हा माणूस फोन वापरत नव्हता. तो टाइपरायटरवर चिठ्ठ्या लिहायचा. त्यांना सिसिलीत ‘पिझ्झिनी’ म्हणतात, म्हणजे चिठोऱ्या. कागदाची बारीक घडी, वरून चिकटपट्टी, आणि एका हातातून दुसऱ्या हातात. वाहकाला फक्त पुढचा माणूस माहीत. त्याच्या पलीकडचा नाही. उत्तर यायला कित्येक दिवस लागायचे. लागू देत! घाई नव्हतीच. नावांऐवजी आकडे. आणि काही ठिकाणी अक्षरांसाठीही आकडे : ए म्हणजे चार, बी म्हणजे पाच, असं तीन घरं पुढे सरकत. दोन हजार वर्षांपूर्वी ज्युलियस सीझर हीच तीन घरांची युक्ती वापरायचा. शाळकरी पोरालाही फोडता येईल असं हे कूट. सुरक्षितता त्या कुटात नव्हती. ती होती वाहकाच्या तोंडाला लागलेल्या कुलपात.

आणि मजकूर? अशुद्ध इटालियन, अत्यंत नम्र भाषा. अमुकचं कंत्राट तमुकला द्या, ही टक्केवारी ठीक आहे का, घराजवळ कुणी कॅमेरा लावलाय का बघा, पाठवलेलं खाणं पोहोचलं, आभार. शेवटी देवाचा आशीर्वाद. त्याच्याजवळ बायबल असायचं, खुणा करून वाचलेलं. खुनांसाठी जन्मठेपा डोक्यावर असलेला माणूस प्रत्येक चिठ्ठीत देवाचं नाव घेतो, हे वाचून मला राग आला नाही, भीती वाटली. कारण असा माणूस शेजारी राहत असेल तर तो आपल्याला सज्जनच वाटेल.

मग मूळ प्रश्न. त्रेचाळीस वर्षं कशी? पोलिसांकडे त्याचा १९५९ चा एक फोटो होता, त्यावरून म्हातारपणाचं चित्र काढत बसायचं. हे एक कारण. पण खरं कारण म्हणजे त्याच्याभोवतीचे थर. सर्वांत आतला थर नात्यागोत्याचा. त्याच्याबाहेर वाहक, घर देणारे, गाडी चालवणारे. बंडखोरीविरोधी मोहिमांत आम्ही ज्यांना ‘ओव्हरग्राउंड वर्कर’ म्हणतो, ते हेच. आणि सर्वांत बाहेरचा थर सुशिक्षितांचा : डॉक्टर, ठेकेदार, बाबू, राजकारणी. बराच काळ तो पालेर्मोजवळच्या बागेरिया परिसरात राहिला. तिथल्या मोठ्या खासगी दवाखान्याचा मालक त्याचा आर्थिक हस्तक निघाला आणि दोषी ठरला. त्याच तपासाची गुप्त माहिती बाहेर पोहोचवल्याच्या प्रकरणात सिसिली प्रांताचे माजी अध्यक्ष साल्वातोरे कुफ्फारो यांना २०११ मध्ये सात वर्षांची शिक्षा कायम झाली. २००३ मध्ये प्रोव्हेन्झानो दुसऱ्याच्या नावाने फ्रान्समध्ये मार्सेलजवळ प्रोस्टेटची शस्त्रक्रिया करून आला, आणि खर्च सिसिलीच्या सरकारी आरोग्यसेवेने भरला. म्हणजे ज्याला सरकार शोधत होतं, त्याचं बिल सरकारच भरत होतं.

सरकारची बाजूही निष्कलंक नाही. ३१ ऑक्टोबर १९९५ रोजी लुइजी इलार्दो हा खबऱ्या मेझ्झोयुझो गावाजवळ प्रोव्हेन्झानोला भेटला. काराबिनिएरींना याची आधी खबर होती. तरीही छापा पडला नाही. पुढच्या मे महिन्यात इलार्दोचा खून झाला. वरिष्ठ अधिकाऱ्यांवर खटला चालला आणि ते निर्दोष सुटले. न्यायालयाचा शब्द मी मानतो. पण जीव धोक्यात घालून खबर आणणाऱ्या माणसाचं ऋण फेडलं गेलं नाही, एवढं मात्र फौजी म्हणून मनाला लागतं. खबरी हा आपला जवान असतो. त्याच्या अंगावर वर्दी नसते, एवढाच फरक.

शेवटी तो सापडला कसा? उपग्रहामुळे नाही, इनामामुळेही नाही. जानेवारी २००५ मध्ये त्याच्या चिठ्ठ्या पोहोचवणारं जाळंच पोलिसांनी उचललं, पन्नासेक माणसं. रसद तोडली की माणूस घराकडे सरकतो, हे लढाईतलं जुनं सत्य. त्याची सहचारिणी आणि दोन मुलगे १९९२ पासून उघडपणे कोर्लेओनेत राहत होते. रेनातो कोर्तेझे यांच्या पथकाने त्या घरातून निघणाऱ्या धुतलेल्या कपड्यांच्या गाठोड्यांवर नजर ठेवली. गाठोडं एका घरातून दुसऱ्या घरात, तिथून तिसऱ्या गाडीत, असं फिरत फिरत डोंगरावरच्या एका मेंढपाळाच्या घरी जायचं. त्या जागेचं नाव मोन्तान्या देई काव्हाल्ली, घोड्यांचा डोंगर. तिथे रिकोटा चीज तयार व्हायचं. पोलिसांनी दूरवरून कॅमेरा रोखला. एके दिवशी मेंढपाळ दाराशी आला आणि आतून एक हात बाहेर आला. बस्स, एक हात. घरात कुणीतरी आहे आणि ते बाहेर येत नाही, एवढंच त्यातून कळलं. ११ एप्रिल २००६ च्या सकाळी पथक आत घुसलं. एकही गोळी झाडली गेली नाही. देशात आदल्या दिवशीच मतदान संपलं होतं. आत टाइपरायटर, बायबल आणि चिठ्ठ्यांचा ढीग. ज्याचा शब्द लाखोंच्या व्यवहारात चालायचा, तो म्हातारा शेळ्यामेंढ्यांच्या वासात, एका छोट्या हीटरच्या उबेत राहत होता.

तरुण मित्रांनो, हे चित्र डोळ्यांपुढे ठेवा. आज गँगस्टरांचे व्हिडिओ, त्यावर भारदस्त संगीत, स्टेटसला बंदुकीचा फोटो, हे मी आमच्या नात्यातल्या पोरांतही बघतो. डॉनच्या आयुष्याचा खरा हिशेब हा असा आहे : तीस ते त्र्याहत्तर, ऐन उमेदीची सगळी वर्षं, दारावर टकटक झाली की श्वास रोखायचा. मुलगा आजारी पडला तर दवाखान्यात नेता येत नाही.

पुढचं थोडक्यात. कडक एकांतवासाचा तुरुंग, आजारपण, स्मृती गेलेली. १३ जुलै २०१६ रोजी मिलानच्या रुग्णालयात तो वारला. पोलिसांनी सार्वजनिक अंत्ययात्रेला परवानगी दिली नाही. पण एक गोष्ट आवर्जून सांगतो. २०१८ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने इटलीला दोषी ठरवलं. न्यायालयाचं म्हणणं असं, की त्याला तुरुंगात ठेवणं चूक नव्हतं. पण त्याची बुद्धी जवळजवळ गेलेली असताना, त्याचा नीट विचार न करता, मार्च २०१६ मध्ये विशेष कडक निर्बंध पुन्हा वाढवले, हे चूक होतं. अनेकांना हे पटलं नाही. स्फोटांत ज्यांची माणसं गेली, त्यांचा राग मला समजतो. माझं मत विचाराल तर निकाल योग्य होता. राज्य आणि टोळी यांत फरक काय? टोळी माणूस बघून नियम ठरवते. राज्याला सर्वांत नालायक माणसासमोरही स्वतःचा नियम पाळावा लागतो. ज्या दिवशी हा फरक पुसला जाईल, त्या दिवशी वर्दीला काही अर्थ उरणार नाही.

आणि कोर्लेओने? डिसेंबर २००० मध्ये पालेर्मोत संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर सह्या झाल्या. आपल्या भारतानेही २०११ मध्ये त्याला मान्यता दिली. त्याच महिन्यात कोर्लेओनेत माफियाविरोधी दस्तऐवजांचं केंद्र उघडलं. जप्त जमिनी समाजाच्या कामासाठी द्याव्यात हा कायदा १९९६ मध्ये झाला होता. त्या जमिनींवर आज सहकारी संस्था गहू आणि द्राक्षं पिकवतात. त्यातल्या एका संस्थेचं नाव आहे प्लाचिदो रिझ्झोत्तो. त्या नेत्याचे अवशेष एका खोल कपारीतून काढून २०१२ मध्ये डीएनए चाचणीने ओळखले गेले. चौसष्ट वर्षांनी त्याला शासकीय इतमामात निरोप देण्यात आला. त्याच गावाने एकाला सन्मानाने निरोप दिला आणि दुसऱ्याची राख गुपचूप आणली. यापेक्षा स्पष्ट निकाल कुठलं न्यायालय देणार?

पालेर्मोच्या दुकानदारांचंही सांगायला हवं. १९९१ मध्ये लिबेरो ग्रासी या कारखानदाराने खंडणी द्यायला जाहीर नकार दिला. तो एकटा पडला आणि मारला गेला. २००४ मध्ये काही तरुणांनी रातोरात शहरभर चिटकवलेल्या कागदांवर म्हटलं होतं, की खंडणी देणारा समाज आत्मसन्मान हरवलेला समाज असतो. तिथून ‘अद्दिओपिझ्झो’ ही चळवळ उभी राहिली. खंडणी न देणाऱ्या दुकानांची यादी करायची आणि ग्राहकांनी तिथूनच माल घ्यायचा. एकट्या ग्रासीला मारणं सोपं होतं. शेकडो दुकानांना मारणं कठीण. आमच्या भाषेत सांगायचं तर एकटा शिपाई चौकी राखू शकत नाही, सेक्शन लागतो.

तुमच्या शहरात, तुमच्या गल्लीत कुणी ‘भाऊ’, ‘दादा’ शांतपणे सगळं मिटवून देत असेल, आणि त्यामुळे तुमच्याकडे ‘काही त्रास नाही’ असं वाटत असेल, तर एकच करा. ती शांतता कोण विकत घेतंय आणि तिचे पैसे कोण भरतंय, हे शेजाऱ्याला विचारा. एकट्याने लढायला जाऊ नका. आधी दोघं व्हा, मग दहा व्हा, आणि मग पोलीस चौकीत जा.

 जय हिंद!